पाण्याखालचा पाव्हणा

मामांनी एकदा माझ्या क्लासातल्या चांगल्या मिशीवाल्या विद्यार्थ्याला काठीनं ढोसून खुर्चीवरून उठवलं होतं. त्याचा गुन्हा एवढाच, की कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये त्यानं एका म्हातारीचं मडकं फोडलं. म्हातारी चिनी, मडकंही चिनी, आणि दोन्ही खोटी. पण मामांना ते कोण सांगणार? "तुज्या मायच्या चुलीपुढं येऊन कुनी असं केलं तर चालंल का रे?" असं त्यांनी भर वर्गात विचारलं. तो बिचारा डी.एड. करत होता. पुढं मास्तर झाला, आणि अजूनही बाजारात भेटला की आधी मडक्याची आठवण काढतो.

मामा म्हणजे माझे घरमालक. दोन हजार सालाच्या आसपास कळमनुरीत नांदेड रोडला लागून त्यांचे चार गाळे होते, त्यातल्या एकात माझा कॉम्प्युटर क्लास चालायचा. शेजारी एक शिंपी, एक सायकलवाला आणि एक बी-बियाण्यांचं दुकान. गाळ्यांच्या मागं दोन खोल्यांत मामा आणि मामी राहायचे. मामांचं मूळ गाव सेनगावकडचं साखरा. जन्म सगळा मेंढरं-शेळ्यांच्या मागं हिंडण्यात गेलेला. एका पावसाळ्यात घसरून पाय मोडला, तो नीट बसला नाही, तेव्हा मेंढरं पुतण्यांच्या हवाली करून ते या रस्त्याच्या कडेला स्थिरावले. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा खांद्यावर घोंगडं असायचं. खुर्चीवर बसायचे तेही उकिडवे, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून.

मालक असूनही माझ्या गाळ्यात ते कधी सरळ शिरले नाहीत. उंबऱ्याबाहेर वहाणा काढायच्या, काठी आपटायची, खाकरायचं आणि विचारायचं, "येऊ का, सर?" आत पोरं टायपिंग करत असायची, मी वैतागलेला असायचो. कितीदा सांगितलं, मामा, गाळा तुमचाच आहे, या की सरळ.

"तुमी राहून राहिले ना इथं? मग तुमी हाव म्हनाल तवाच येनार. रान मोकळं दिसतं सर, पर कुनाचं तरी असतंच."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता माझ्याच तोंडी बसलंय. मेंढरं घेऊन नव्या शिवारात जायचं तर एक जण आधी पुढं जायचा आणि शेताच्या मालकाला विचारून यायचा. मेंढरं शेतात बसली की फुकटात खत मिळतं, त्यामुळं मालक नाही म्हणायचे नाहीत. तरी विचारणं चुकवायचं नाही, असा त्यांच्या घरातला कायदा. न विचारता चारलेलं गवत मेंढरांच्या अंगी लागत नाही, असं मामा अगदी गंभीरपणे सांगायचे.

दुसरी सवय म्हणजे दिवेलागणीची फेरी. लंगडत लंगडत ते चारही गाळ्यांपुढून जायचे आणि प्रत्येकात डोकावून भाडेकरू जागेवर आहे का ते बघायचे. शिंपी एकदा न सांगता सासुरवाडीला गेला तर मामांना जेवण गोड लागेना. परत आल्यावर त्याला जी बोलणी बसली, तशी त्याच्या सासऱ्यानंही कधी ऐकवली नसतील. मला या फेरीचा तेव्हा राग यायचा. आता संध्याकाळी घराला कुलूप लावून कुठं निघालो की वाटतं, कुणीतरी डोकावून विचारावं, 'कुठं चाललात?' कुणी विचारत नाही.

तर तो गेम. क्लाससाठी मी नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याच्यासोबत एक सीडी आली. सीडीच्या कव्हरवर सगळी चिनी अक्षरं. गेममध्ये एक तरुण गडी पाठीला तलवार लावून गावोगाव, डोंगरोडोंगरी हिंडायचा. ढगांवर बसणारे देव होते, माणसाचं रूप घेणाऱ्या कोल्हिणी होत्या, लांब मिशांचे उडते नाग होते. चीनच्या पुराणातलं काहीतरी असावं एवढं चित्रांवरून कळत होतं. बाकी कोण काय बोलतं याचा आम्हाला पत्ता नव्हता. गावातल्या माणसांपुढं उभं राहून बटण दाबलं की ती बोलायची, खाली चिनी अक्षरांची रांग यायची. आम्ही ती न वाचता पुढं जायचो, घराघरांत घुसून मडकी फोडायचो, त्यातून पैसे, औषधाच्या बाटल्या, नवी हत्यारं निघायची. त्याशिवाय गड्याच्या अंगात ताकद येत नव्हती. गेमचा नियमच तो.

एका संध्याकाळी बॅच सुटल्यावर मी खेळत होतो. मामा कशासाठी तरी आले आणि पडद्याकडं बघत उभे राहिले. गेममधला गडी एका गावाच्या वेशीत उभा होता.

"हा कोन गावचा?"

"चीनचा."

"मेंढरं कुठायत त्याची?"

"मेंढरं नाहीत, मामा."

"मग काहून हिंडून राहिला?"

"पाव्हणा असंल कुनाचा," त्यांनी स्वतःच ठरवलं. मामा खुर्ची ओढून तीवर उकिडवे बसले. त्या दिवसापासून त्या गड्याचं नाव 'पाव्हणा' पडलं.

सुरुवातीला त्यांना नुसतं बघायचं असायचं. पाव्हणा डोंगर चढायला लागला की हे पुढं सरकायचे. "तिकडून न्या, तिकडं सावली हाय." पाव्हण्याला सावलीचा काही उपयोग नाही, हे मी एकदाच सांगितलं. मग एके दिवशी त्या गेममधलं तळं आलं. मोठं, निळंभोर पाणी. पाण्यातून एका देवळाचा कळस वर आलेला आणि काठावरून पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या. सीडीच्या कव्हरवर पाण्याखाली उभ्या असलेल्या पाव्हण्याचं चित्र होतं, भोवती मासे आणि मागं नागराजाचा महाल. मी सहज बोललो, "मामा, हा इथून खाली जातो. पाण्याखाली नागांच्या राजाचा महाल आहे, तिथं चालत फिरतो."

"पान्याखाली चालत?"

"हो."

"दम घुटत न्हाई?"

"गेम आहे मामा तो."

मग त्यांनी माऊसकडं हात पुढं केला. "मला शिकवा, सर."

माझ्या क्लासात मी बऱ्याच ठोंब्या पोरांना माऊस धरायला शिकवलं, पण मामांएवढी तकलीफ कुणी दिली नाही. माऊस टेबलाच्या कडेला गेला की ते उठून टेबलाच्या त्या बाजूला जायचे. पण महिन्याभरात पाव्हणा त्यांच्या हातानं चालायला लागला, आणि मग खरी पंचाईत सुरू झाली. मामांचा पाव्हणा गावात शिरण्याआधी वेशीतल्या म्हाताऱ्यापुढं उभा राहायचा. म्हातारा चिनीत काहीतरी बोलायचा, मामा मान हलवून "व्हय, व्हय, एक रात राहतो, उद्या जातो" म्हणायचे. मग प्रत्येक घरापुढं तेच. मडक्याला हात लावायचा नाही, पेटी उघडायची नाही. वाटेत जनावर आडवं आलं तर तलवार काढण्याआधी तोंडानं "हुर्रर्र, हुर्रर्र" करून हाकलून बघायचं. पडद्याला तोंड लावून हे चालायचं, मागं पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत बसायची. परिणाम काय? पाव्हण्याच्या अंगावर सुरुवातीचीच फाटकी बंडी आणि हातात सुरुवातीचीच बोथट तलवार.

तळ्याच्या पायऱ्यांवर एक राखण्या बसलेला होता. मेंढ्याचं अंग, वळलेली शिंगं आणि तोंड माणसासारखं. त्याला मारल्याशिवाय खाली वाट नव्हती.

"हा तर एडका हाय," मामा म्हणाले. "ह्याच्यावर हत्यार कसं उगारू?"

रोज संध्याकाळी मामा यायचे, पाव्हण्याला पायऱ्यांपर्यंत न्यायचे, एडक्यापुढं उभं करायचे. एडका धडक मारायचा, पाव्हणा मरायचा. "त्याचं बराबर हाय," मामा म्हणायचे, "त्याची जागा हाय ती." आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मीच कंटाळलो. म्हटलं, मामा, उठा, मी मडकी फोडतो, चांगलं हत्यार घेतो, एडक्याला उडवतो आणि तुम्हाला खालचं सगळं दाखवतो. एका संध्याकाळचं काम.

"दुसऱ्याला धाडून भेट व्हती का, सर?"

"कुणाची भेट?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. लग्नानंतरची पहिली मुलगी. मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठाला उतरले होते, तिथं तापानं गेली. "चालाया लागली व्हती नुकती. धा पावलं टाकली की बसायची आन हसायची." लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मामांनी नदीकाठी करंजाच्या झाडाखाली खड्डा केला, मामींनी खड्ड्यात मीठ टाकलं, वर काटे अंथरले, धोंडे ठेवले. दर साली मेंढरं घेऊन त्या वाटेनं जायचं आणि करंजाखाली थांबायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. पुढं सिद्धेश्वरचं धरण झालं. पाणी येणार हे गावागावांत ठाऊक होतं, पण मामा-मामी त्या साली मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात होते. परत आले तर काठ नव्हता, करंज नव्हता. जिकडं बघावं तिकडं पाणी.

"आमी जन्मभर सगळ्याला इचारून रानात पाय टाकला. पानी मातर न इचारता आलं."

मी चहा सांगतो म्हणालो, ते नको म्हणाले.

"मामींना माहीत आहे, तुम्ही हे कशासाठी खेळता ते?"

"न्हाई. तिला सांगू नका. ती धरनाकडं बघत न्हाई. औंढ्याला देवाला जाताना जीपमदी मान खाली घालून बसती."

मामींचा स्वभाव मामांच्या अगदी उलटा. मामा कुणाच्या दारात विचारल्याशिवाय जायचे नाहीत, आणि मामी कुणाच्याही दारात विचारून जायच्या नाहीत. शिंप्याच्या कपाटातून सुईदोरा घ्यायचा, सायकलवाल्याच्या माठातलं पाणी प्यायचं, माझ्या वर्गात थेट घुसून पोरांना "ए, पाय खाली घे" म्हणायचं. मामांच्या गेमला त्या 'म्हातारपनीचं याड' म्हणायच्या. चहाचे कप टेबलावर आपटून निघून जायच्या.

एका संध्याकाळी त्या कप आपटायला आल्या आणि नेमका एडक्यानं पाव्हण्याला आडवा केला.

"रोजच मरून राहिला का हा? काहून?"

मामा काठीची मूठ पुसायला लागले.

"सर, तुमी सांगा."

मामींपुढं माझं काही चालायचं नाही. मी पडद्याकडं बघत सांगितलं, की मामांना या पायऱ्यांनी पाण्याखाली उतरायचंय, आणि मामा एडक्याला मारत नाहीत. एवढंच बोललो. करंजाचं बोललो नाही. पण मामी मामांकडं बघत राहिल्या आणि मामा काठीकडं. मामींच्या हातातला कप तसाच राहिला. इतकी वर्षं ज्याचा दोघांत एक शब्द नव्हता, ते तिथं माझ्या टायपिंगच्या टेबलापाशी उघडं पडलं.

मामींनी कप ठेवला. पदर खोचला.

"उठा."

"अगं, तुला येत न्हाई."

"उठा म्हनते ना."

मामा उठले. मामी खुर्चीत बसल्या, आणि सांगतो, त्यांना शिकवायला मला दोन दिवसही लागले नाहीत. गावात शिरल्या त्या वेशीतल्या म्हाताऱ्याला ढकलूनच. पहिल्या घरात पहिलं मडकं फुटलं तेव्हा मामा कळवळले. "अगं, इचार तर आधी!"

"तुमी इचारत बसा," मामी मागं न बघता म्हणाल्या. "मी माय हाय तिची."

त्यांनी एक मडकं शाबूत ठेवलं नाही. एकेका घरात घुसून पेट्या उघडल्या, बाटल्या उचलल्या, कुणा सावकाराच्या माडीवरून लखलखती तलवार आणली. "ए म्हातारे, सरक," असं चिनी म्हातारीला बजावलं. रोज दुपारी भांडी झाली की त्या यायच्या. पोरं आपापलं टायपिंग सोडून मागं उभी राहायची, पण हसायची हिंमत कुणाची नव्हती. पाव्हणा चांगला धष्टपुष्ट झाला, आणि मग त्या पायऱ्यांवर गेल्या. मामांनी खुर्ची भिंतीकडं वळवली. तलवारीचे आवाज येत होते, एडक्याचं ओरडणं येत होतं, मामांचा हात काठीवर घट्ट होत होता. एडका पडला तेव्हा मामींनी माऊस सोडला आणि पडद्याला हात जोडले.

"माफ कर बाबा. माजी पोरगी हाय तिकडं."

मग पाव्हणा पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला आलं, आणि सगळं निळं झालं. "अवो, इकडं बघा," मामी म्हणाल्या. मामांनी खुर्ची वळवली. मी पोरांना बाहेर काढलं, मीही दाराशी गेलो. पाण्याखाली महाल होता, चमकते खांब होते, सिंहासनावर मिशांचा नागराजा बसला होता. त्याच्याशी बोललं की गेमचा पुढचा भाग उघडायचा. मामी त्याच्यापुढून सरळ निघून गेल्या. महालाच्या मागं, जिथं गेममधली जागा संपते आणि पाव्हण्याला पुढं पाऊल टाकता येत नाही, तिथं नुसती वाळू होती आणि थोडं हलतं गवत. मामींनी पाव्हण्याला तिथं थांबवलं.

"करंज कुठल्या अंगाला व्हता?" त्यांनी विचारलं.

"डाव्या," मामा म्हणाले.

मामींनी पाव्हण्याला जरा डावीकडं सरकवलं. दोघं बघत बसले. मामी हळूच म्हणाल्या, "थंड लागत असंल का हो तिला?" आपलं घोंगडं काढून मामांनी मामींच्या खांद्यावर टाकलं, आणि मी दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं आत गेलो. एखादा अडाणीही विचारणार नाही ते मी विचारलं, "मामी, पुढं बराच गेम शिल्लक आहे, खेळणार?"

"न्हाई. आमचा एवढाच व्हता. ह्याला हितंच राहू द्या. लेकराला रानात एकटं ठेवत न्हाईत."

मी तिथंच गेम सेव्ह केला. पुढं त्या सीडीला दुसऱ्या कुणी हात लावला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी दोघं यायचे. मामा दारात खाकरायचे, मामी थेट आत. मी गेम चालू करून द्यायचो. पाव्हणा वाळूत उभा असायचा, केस पाण्यानं हलत असायचे. दोघं थोडा वेळ बघायचे, बाजारातल्या भाजीच्या भावाबद्दल, पुतण्यांच्या मेंढरांबद्दल बोलायचे आणि उठायचे. जाताना मामी कधी मूठभर फुटाणे कीबोर्डाशेजारी ठेवून जायच्या. इतकी सुखी माणसं मी फार थोडी पाहिली. माझ्या घरी सगळं असताना मला तसं बसता आलेलं नाही.

पुढं मी क्लास हिंगोलीला हलवला. ते मशीन कधीच निकामी झालं असतं, पण मी त्याला घरी जपून ठेवलं होतं. कळमनुरीला गेलो की भेट व्हायची, मामा विचारायचे, "पाव्हणा बरा हाय ना?" मी म्हणायचो, उभा आहे.

मामा गेल्याचं शिंप्यानं कळवलं. तेराव्यानंतर मी मामींना भेटायला गेलो. त्या गाळ्यांपुढं मामांच्या खुर्चीत बसल्या होत्या. रडल्या नाहीत. मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "ते मशीन चालतं का, सर?"

"चालतं."

"मग आना एकदा."

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर जीपमध्ये टाकून कळमनुरीला नेला, मामींच्या खोलीत तारा जोडल्या, सीडी लावली. पडदा निळा झाला. पाव्हणा वाळूत उभा होता. मला वाटलं, मामींना नुसतं बघायचं असेल. पण त्यांनी माऊस हातात घेतला आणि पाव्हण्याला वळवला.

"मामी, काय करताय?"

"ह्याला वर काढते. पोरीजवळ आता तिचा बाप गेला ना. ह्याला परक्याला कायला डांबून ठेवायचं?"

महालाच्या खांबांमधून, नागराजापुढून त्या पाव्हण्याला हळूहळू घेऊन आल्या. पायऱ्या चढवल्या. पाणी गळ्याखाली आलं, कमरेखाली आलं, आणि पाव्हणा काठावर उन्हात उभा राहिला. मामींनी पदरानं पडदा पुसला, जसं न्हालेल्या लेकराचं तोंड पुसतात तसं.

"लई दिस थांबलास बाबा," त्या म्हणाल्या. "जा आता तुज्या घरी. तुजी माय वाट पाहून राहिली असंल."